लोटन मास्तरांचं पथ्य

नाव सुटायला आली आणि नवे मास्तर तांब्या घेऊन काठावरच्या बाभळींकडे पळाले. नावेतले लोक हसले. नावाड्यानं बांबू पाण्यात रोवला, तशी कडेला बसलेली धनुबाई म्हणाली, "थांब भाऊ. एक माणूस ऱ्हायना शे अजून." आणि तिनं खुंटीचा दोर सोडूच दिला नाही.

एकोणीसशे अडतीसच्या थंडीतली ती सकाळ. लोटन मास्तर परत आले ते मान खाली घालून. तापीपलीकडं धनुबाईच्याच गावच्या शाळेवर त्यांची नेमणूक झाली होती. नाव मध्यावर गेल्यावर तिनं हळूच विचारलं, सकाळी काय घेतलं होतं? चहा, ते म्हणाले... दोन कप, उपाशीपोटी. आणि रात्री ठेचा-भाकर.

"मंग पोट काय करी?" म्हणत ती पदराआड हसली. मास्तरांचे कान लाल झालेले तिला फार आवडले.

तिला हे दुखणं नवं नव्हतं. तिचे वडील नथ्थू पाटील दहा वर्षं त्यानंच बेजार होते. कधी दिवसातून चार खेपा, कधी चार दिवस काहीच नाही, वर मुरडा. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आई गेल्यावर अजून बिनलग्नाच्या धनुबाईनंच एकेक पदार्थ पारखून वडिलांना मार्गाला लावलं होतं.

तेच पथ्य तिनं मास्तरांना लावलं. उपाशीपोटी चहा नाही, हिरवी मिरची नाही. वेळेवर ज्वारीची भाकर न् मुगाची डाळ, दुपारी जिरं घातलेलं ताक, जेवल्यावर नदीपर्यंत चक्कर. आणि काय खाल्लं, पोट कसं राहिलं ते रोज लिहायचं. तिला वाचता येत नसे, म्हणून मास्तर संध्याकाळी पाटलांच्या ओट्यावर येऊन वाचून दाखवत.

"बुधवार. वांग्याचं भरीत, दोन घास. पोट दुखलं."

"दोनच?"

"...चार."

"मास्तर —"

"ताटभर," ते म्हणाले, आणि पाटीलसुद्धा हसले.

माघ लागेपर्यंत मास्तरांच्या गालांवर तजेला आला. पण ऐकता ऐकता धनुबाईला एक गोष्ट उमगली. शाळा तपासणीच्या दिवशी आणि घरचं पत्र आलं की, नुसती खिचडी खाऊनही त्यांचं पोट बिघडे. पत्रात असतं तरी काय, तिनं विचारलं.

मास्तरांनी अडखळत सांगितलं. आई स्थळं पाहतेय. दोन वेळा मुलगी बघताना त्यांना मध्येच उठावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी मुलगा आजारी आहे म्हणून मुलीकडून नकाराचा निरोप आला. आता शुक्रवारी शहाद्याला तिसरं स्थळ.

"तुम्हना पोटमा भीती शे," ती म्हणाली. "तिले मन्हाकडे पथ्य नही." मग ती चटकन आत गेली. त्या रात्री तिलाच जेवण गेलं नाही.

शुक्रवारी भर दुपारी मास्तर दारात उभे राहिले. शहाद्याला गेलेच नव्हते. पाटलांसमोर बसून त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि अर्ध्या वाक्यात त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले, परसाकडे गेले. स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून धनुबाई उभी होती.

"ई तो परत," पाटील शांतपणे म्हणाले. "माले ठाऊक शे."

मास्तर आले. हातपाय धुऊन पुन्हा तिथंच बसले. आजवर शाळेतलं मराठी बोलणारा तो माणूस घरच्या बोलीत म्हणाला, "बापू, धनुबाईले मन्ह्या घरी धाडशात का?"

जात एकच, घर माहितीतलं. पाटलांना हरकत नव्हती. त्यांनी नुसतं मुलीकडं पाहिलं.

धनुबाई बाहेर आली. "चार खेपा उठनात तरी चाली," ती मास्तरांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "पन... परत येवानं."

मास्तरांनी मान हलवली. पाटलांनी त्यांना जेवायला थांबवलं. धनुबाईनं मुगाची खिचडी वाढली. तूप जरा जास्तच पडलं. त्या दुपारी मास्तरांनी दोनदा मागून घेतलं, आणि शेवटचा घास होईपर्यंत जागचे उठले नाहीत.