बुधवारची खरखर

ही गोष्ट रचलेली नाही. जिच्या बाबतीत घडली, ती मुद्रितं तपासण्याचं काम करते. पदरचं एक अक्षर घालायची तिला सवय नाही.

बुधवार. दुपारचे चार. तिचे बाबा जाण्याआधीचा दिवस.

दर बुधवारी चारला त्यांचा फोन यायचा. त्यांना गाण्यांच्या जुन्या तबकड्यांचं वेड होतं, आणि त्यातही जवाबी तबकड्यांचं. एखादी गायिका 'परत येऊ नकोस' असं गाऊन गाजायची. चार महिन्यांनी कुणी अनोळखी गायक त्याच चालीवर 'अगं, मी गेलोच कुठे' अशी तबकडी काढायचा. पहिली घरोघरी वाजायची, दुसरी धूळ खायची. बाबा त्या दुसरीच्या मागावर असायचे. सापडली की लेकीला फोनवर ऐकवायचे.

"भांडण आहे गं ते," म्हणायचे. "एकच बाजू ऐकून कसं चालेल?"

सुईची खरखर सुरू झाली की ती फोन टेबलावर पालथा ठेवायची आणि मुद्रितांत डोकं घालायची. तीन मिनिटांनी उचलून म्हणायची, "छान होतं, बाबा."

वर्षानुवर्षं.

त्या बुधवारीही खरखर आली... तिने फोन पालथा ठेवला. दोन पानं संपवली. मग उचलून तेच म्हणाली.



"बरं," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

सकाळी शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. दादा शेवटचं काही बोलला का, असं काकाने विचारलं. गाणं ऐकवलं, खुशीत होते, असं तिने सांगून टाकलं. मग येईल त्याला तेच सांगत राहिली. भाग्यवान गं तू, असं लोक म्हणत. तिला मान वर करवत नसे.

तीन आठवड्यांनी ती आणि काका बाबांचं घर आवरायला गेले. टळटळीत दुपार. खिडक्या सताड उघड्या. काका स्वयंपाकघरात खोकी बांधत होता. तिने बाबांच्या खोलीत एक तबकडी लावली. गाणं संपलं. तिने सुई उचलली, बटण बंद केलं, वायरही काढली.

खरखर थांबली नाही...

तबकडी तर फिरायची थांबली होती.

ती वाकली. कान दिला. खरखर मध्येच तुटत होती... पुन्हा सुरू होत होती...

सुईची खरखर अशी तुटत नाही.

तो श्वास होता.

"...आज गाणं नाही गं," बाबांचा आवाज. "धाप लागतेय. छातीत कळ येतेय. तू येतेस का?... ऐकतेस ना?..."

मग नुसता श्वास. त्यामागे, लांबवर, कागद उलटल्याचा आवाज... थोड्या वेळाने पुन्हा एकदा...

आणि मग तिचाच आवाज. अगदी प्रसन्न.

"छान होतं, बाबा."

दारात काका उभा होता. हातात सुतळी, चेहरा पांढराफटक. त्याने लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो आवाज कुठून आला, हे दोघांनाही आजतागायत उमगलेलं नाही. बुधवारी चारच्या सुमारास ती अजूनही फोनच्या खोलीत थांबत नाही.

"दादाच होता," काका म्हणाला. "पण तू तर म्हणालीस, गाणं ऐकवलं."

काहीही सांगता आलं असतं. त्याने मानलंही असतं.

"मी ऐकत नव्हते, काका," ती म्हणाली. "कधीच ऐकत नव्हते."