डाव्या विंगेतून

दोष शरदचंद्र गुप्त्यांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे मोठ्यांचा दोष कधीच नसतो. तो जिन्यावरून घरंगळत खाली येतो आणि बेसमेंटमध्ये राहणाऱ्या मुलाच्या नावावर लागतो.

आमच्या बेसमेंटमध्ये मी राहत होतो. २००९ साल. युनिव्हर्सिटी दुसऱ्या वर्षी सोडली होती, मग ब्रॅम्पटनच्या एका वेअरहाउसमध्ये खोकी उचलली, तेही सोडलं. आई-बाबा ओळखीच्यांना सांगायचे, जयदीपचं को-ऑप, म्हणजे युनिव्हर्सिटीतर्फे कामाचा अनुभव, चालू आहे. मला नाटकांवर लिहायचं होतं. 'पहिली रांग' नावाचा ब्लॉग उघडला. टोरोंटोतल्या एका देशी साप्ताहिकाच्या संपादक सुनेत्रा मॅडम म्हणाल्या होत्या, थोडी परीक्षणं लिहून दाखवा, जमलं तर कॉलम देते. माझं सगळं त्या कॉलमला टांगलेलं होतं. छापलेलं नाव बाबांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवायचं, बाकी मला काही नको होतं.

फेब्रुवारीतला रविवार होता. एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये मराठी मंडळाचं वार्षिक नाटक. आईने मला बटाटेवड्यांचे ट्रे पोचवायला पाठवलं. मागच्या दाराने ठेव आणि ये, म्हणाली. मागच्या दाराने का, ते मला कळत होतं. म्हणून ट्रे ठेवले आणि मुद्दाम पुढे जाऊन बसलो. पहिली रांग, अगदी डावं टोक, विंगेला लागून.

दुपार असूनही बर्फाने बाहेर अंधारलं होतं. आत ओल्या बुटांचा, फरशीच्या पॉलिशचा आणि तळणीचा वास. नटराजापुढे नारळ फुटला, तिसरी घंटा झाली, दिवे गेले.

नायक शरदकाका. साठी उलटलेली, मिशी काळी केलेली. वर्षानुवर्षं हेच नायक आणि एकाही वर्षी यांचं पाठांतर नाही. पहिला अंक अर्धा झाला आणि काका वाक्याच्या मध्येच थांबले.

डाव्या विंगेतून बाईचा आवाज आला. हलका, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. त्यात घाई नव्हती, चीड नव्हती. रुसलेल्या पोराला घास भरवावा तसं ती बाई पुढचं वाक्य देत होती. एकदा दिलं. पुन्हा दिलं. काका हलले नाहीत. मान जराशी डावीकडे झुकवून उभे. शेवटी समोरच्या नटीने काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

असं नाटकभर चाललं. काका थांबायचे, आवाज यायचा, काका घ्यायचे नाहीत. मी वाकून विंगेत पाहिलं. घडीची खुर्ची दिसली, तिच्यामागे काळोख. तिथून गार झुळूक येत होती आणि तिला खोबरेल तेलाचा वास होता. विंगेतलं दार उघडं राहिलं असेल, असं मला वाटलं.

घरी येऊन जेवायच्या आत परीक्षण लिहिलं. 'या नाटकातलं एकमेव चोख काम प्रॉम्प्टरबाईंचं. त्या पहिल्या रांगेपर्यंत पोचल्या, नायक स्वतःच्या मिशीपर्यंतही पोचले नाहीत. पुढच्या वर्षी बाईंना स्टेजवर उभं करा आणि काकांना विंगेत बसवा, म्हणजे निदान एक जण तरी ऐकेल.' वाचून मीच हसलो.

दुसऱ्या दिवशी लिंक अख्ख्या मंडळात फिरली. संध्याकाळी आई जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभी राहिली. खाली उतरली नाही.

"प्रॉम्प्टिंगला कोणी नव्हतंच रे..." ती म्हणाली. "मृणालिनी करायची ना... त्यांची बायको. ती नोव्हेंबरात गेली."

मला माहीत नव्हतं. फ्यूनरलला आई-बाबा दोघंच गेले होते. मला नेलं नाही, सांगितलंही नाही, कारण तिथे लोक विचारणार, हा सध्या काय करतो. स्वतःच्या लाजेपायी त्यांनी माझ्यापासून एक मेलेली बाई लपवली होती, आणि मी तिच्यावर चार ओळींचा विनोद करून तो गावाला वाटला होता. आईला मी वाट्टेल ते बोललो. बोलून झाल्यावर मला माझ्याच तोंडाची किळस आली.

शरदकाका न सांगता आले. शिव्या द्यायला आले असते तर बरं झालं असतं. बूट वर काढून नुसत्या मोज्यांवर खाली उतरले आणि माझ्या न आवरलेल्या फुटॉनच्या गादीच्या कडेला बसले.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी आठवतील ती वाक्यं सांगितली. ते प्रत्येकाला मान डोलावत होते. मग मी म्हटलं, शेवटी एकदा 'स्कार्फ घ्या, घसा बसेल' असंही ऐकू आलं होतं.

"ते नाटकात नाही," काका म्हणाले.

मग ते दोन्ही हात मांडीवर ठेवून सांगू लागले.

"यंदा मला सगळं पाठ होतं, जयदीप. आयुष्यात पहिल्यांदा. तिची खुर्ची मीच ठेवली होती... मी मुद्दाम थांबत होतो. म्हटलं, अडलो तर बोलेल." ते हातांकडे बघत राहिले. "मला काहीच ऐकू आलं नाही. तुला आलं."

त्यांनी विनंती केली. मार्चमध्ये लव्हाल गावी प्रयोग आहे, ये, डावीकडे बस. मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या फुटॉनवर बसलेल्या माणसाला नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं. पोस्ट मी त्याच दिवशी काढली. काढल्याने काही होत नाही, लोकांनी प्रिंट काढून ठेवल्या होत्या.

लव्हालचा हॉल चर्चच्या तळघरात होता. दुपारचा प्रयोग. मी डाव्या टोकाला बसलो; उजवीकडची खुर्ची रिकामी होती. शेजारी बसायला कोणी धजावत नव्हतं, मी लिहितो ना. पहिल्या अंकात त्याच जागी काका थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

विंग शांत होती. मी श्वास रोखून वाट पाहिली. मागे कोणीतरी खोकलं. मग खोबरेलाचा वास आला... पण विंगेतून नाही. आवाज माझ्या उजव्या कानाशी आला, इतका जवळून की कानाला गार वाफ लागली.

"तू म्हण."

आणि तिने वाक्य दिलं. मी ते म्हटलं. मोठ्याने, भर प्रयोगात. काकांचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला. त्यांनी वाक्य उचललं आणि त्यानंतर ते एकदाही अडले नाहीत. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी, कोण जाणे. काका मागच्या सीटवर शांत झोपले होते.

पण ती काकांबरोबर गेली नाही. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो, एका शब्दाशी अडलो, तर पुढचा शब्द उजवीकडून आला. टिम हॉर्टन्समध्ये कॉफीची ऑर्डर देताना थबकलो, तिथेही. अडल्याला देणं एवढंच तिला येत असावं. मी न थांबता बोलायला शिकलो. लोकांना वाटायचं, मी आणखी उद्धट झालोय.

एप्रिलमध्ये सुनेत्रा मॅडमचा फोन आला. परीक्षणं आवडली होती, आवाज नवा आहे म्हणाल्या. मग विचारलं, "एकच सांगा, इतर प्रेक्षकांपेक्षा तुमच्याकडे वेगळं काय आहे?"

मी खाली एकटाच होतो. आई-बाबा ग्रोसरीला गेलेले. चांगलं उत्तर द्यायचं म्हणून मी विचार करायला क्षणभर थांबलो.

"सांग, मला ऐकू येतं..." उजवीकडून आलं.

फोनवर मॅडम जरा कडक आवाजात म्हणाल्या, "तुमच्या शेजारी ज्या बाई आहेत ना, त्यांना सांगा, उत्तर तुम्हालाच देऊ द्यावं."

मी फोन ठेवला. कॉलम दुसऱ्या कोणाला मिळाला. ब्लॉग मी बंद केला, आणि त्यानंतर स्वतःचं म्हणावं असं एक वाक्यही मला लिहिता आलेलं नाही; अडलो की पुढचा शब्द तिचाच येतो.