पेज निवता, येवा

भर दुपारची गोष्ट आहे, म्हणून आधीच हसू नका. मीसुद्धा भुताखेतांना हसणारीच होते. पण हे मी एकटीने ऐकलेलं नाही. माझ्या ऑफिसातली विनीता आणि गेटवरचा सुशांत, दोघं आजही सांगतील.

मालवणहून आत, आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बिझनेस पार्क झालंय. काचेच्या इमारती, मागे गोदामं. पहिल्या इमारतीत मी रिसेप्शनला बसते.

मी बसते तिथे आमची काजूची बाग होती.

माझे बाबा, दत्ताराम, बागेच्या पार टोकाला राबायचे. दुपारी तांदळाची पेज वाढली की ती निवायच्या आत जेवायला या म्हणून आई खोपीतून हाक मारायची. नवऱ्याचं नाव कसं घेणार?

"पेज निवता... येवाऽऽ!"

बाबांनी "येतंय गो" म्हटल्याशिवाय ती थांबायची नाही. मी चिडवायचे, "आई, तुझ्या हाकेने काजू गळतात."

त्याच बागेत तिला फुरसं चावलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढे जमीन पार्कात गेली. आमच्याकडे जागा सोडताना राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून विनवणीचं गाऱ्हाणं घालतात आणि त्याला नव्या जागी घेऊन जातात. गावचे बाबलीकाका गाऱ्हाणं घालत होते. बाबांना काय वाटलं कोण जाणे, मध्येच बोलले, "हयसर आता माझा कोण नाय. माझो संबंध सुटलो."

रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

राखणदाराचा दगड आमच्या घरामागच्या परड्यात आला.

मग गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार. लाइट गेली. एसी बंद पडला. एकदम शांत झालं...

आधी वास आला. भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा.

त्या काचेच्या डब्यात बांगडा कोण भाजणार?

तेवढ्यात विनीता म्हणाली, "प्राजक्ता, पेज म्हणजे काय गं? मागे कोणीतरी बाई ओरडतेय..."

विनीता साताऱ्याची. तिला पेज ठाऊक नव्हती, माझी आई तर नाहीच.

मग मलाही ऐकू आलं.

"पेज निवता... येवाऽऽ!"

मी मागच्या दाराने धावले. मागे नव्या गोदामासाठी सपाट केलेली लाल जमीन. झाड नाही, माणूस नाही. सुशांतही गेटवरून धावत आला होता. "हाक मारणारी म्हातारी खंय गेली गो?" त्याने विचारलं.

आई म्हातारी व्हायच्या आधीच गेली होती. मला तिथेच रडू फुटलं.

घरी बाबांना सांगितलं.  दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून माझ्याबरोबर आले.

दुपारी हाक आली. विनीताने माझा हात घट्ट धरला.

बाबा कानामागे हात धरून उभे. "खंय? खंयसून येता गो?"

"बाबा, आता... ही बघा, परत..."

दूर रस्त्यावरून मोटारसायकल गेली. त्यांचा चेहरा उजळला. मग पडला. "ती गाडी," ते म्हणाले.

त्यांना सगळं ऐकू येत होतं. तिची हाक सोडून.

ते लाल मातीकडे वळले. मग म्हणाले, "मीच सांगलंय मां, हयसर माझा कोण नाय म्हणान."

त्या संध्याकाळी ते नारळ घेऊन बाबलीकाकांकडे गेले. काकांनी नारळ हातात घेतलाच नाही. "घातलेला गाऱ्हाणा फिरवक येणा नाय, दत्ताराम. आणि थंय आयकाक आता आसा कोण? राखणदार तुझ्या परड्यात."

तरी बाबा येतात. रोज दुपारी मागच्या भिंतीशी बसतात. हाक आली की मी काचेआडून हात वर करते. ते उठतात, जीव तोडून ओरडतात, "येतंय गो!"

गेटकडे तोंड करून. हाक येते ती त्यांच्या पाठीमागून.

आणि आई थांबत नाही. परत हाक मारते, परत मारते. त्यांची ओ तिलाही पोचत नाही.

काल बाबा ओरडून दमले, खाली बसले. मी हात खाली घेतला.

तेव्हा अगदी माझ्या टेबलाजवळ... हळू आवाजात...

"प्राजू, तुझे बाबा खंय आसत गो?"

गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये, हे तिनेच मला शिकवलं होतं. मी तोंडावर हात घट्ट दाबून बसले.

काचेपलीकडे बाबा सदऱ्याने डोळे पुसत होते.