पट्टा नसलेला बीटर

हवं तर विश्वास ठेवू नका. पण हे माझ्या आईने, कालिंदीने, भर दुपारी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय.

१९७३ सालची विश्वकर्मा पूजा, म्हणजे बंगालात यंत्रं पुजायचा दिवस. कलकत्त्याजवळची, गंगेकाठची एक कागद गिरणी.

आम्ही कलकत्त्यातच वाढलेले मराठी. आई त्या गिरणीच्या प्रयोगशाळेत होती. तिची जिवलग मैत्रीण सुचित्राही तिथेच. लाकडाच्या लगद्यात बुरशीपासून काढलेलं एन्झाइम घालायचं, तंतू मऊ पडले की बीटरमध्ये थोडंच कुटायचं. कागद चिवट होतो, वीज वाचते. ही पद्धत सुचित्राची.

बीटर म्हणजे मोठा हौद, त्यात मोटरच्या पट्ट्यावर फिरणारा पात्यांचा जड रूळ.

त्या पावसाळ्यात सुचित्रा रिकाम्या हौदात उतरून पाती तपासत होती. मॅनेजर घोषालला पाहुण्यांसमोर मिरवायची घाई. आत न बघता त्याने बटण दाबलं. सुचित्रा गेली.

आईने हे पाहिलं. चौकशीत सांगितलंही. घोषाल म्हणाला, "साडी अडकली." तेच लिहिलं गेलं. वर पद्धतही त्याने स्वतःच्या नावावर केली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस!

पूजेला सगळी यंत्रं बंद. मेन स्विच बंद. बीटरचा पट्टासुद्धा काढलेला. एरवी सुटात फिरणारा घोषाल त्या दिवशी लांब सोग्याचं धोतर नेसून आला. बीटरला हार घालायला वाकला.

आणि...

घर्र...

ढाक, म्हणजे पूजेचे मोठे ढोल, वाजवणारे थांबले.

घर्र... घर्र...

पट्टा नसलेला रूळ फिरत होता.

धोतराचा सोगा आत ओढला गेला.

"कालिंदी, बंद कोरो!" घोषाल किंचाळला.

आई स्विचकडे धावली. तो बंदच होता. आणि तिच्या मनगटावर... लगद्याने माखलेला, गार हात.

कानाशी ओळखीचा आवाज. "थाक, कालिंदी... आमि देखछि."

राहू दे. मी बघते.

चौकशीत लिहिलं गेलं, कपडा अडकला.

"वाईट वाटलं तुला?" मी एकदा विचारलं.

"मुळीच नाही," आई म्हणाली.

तेव्हापासून दर विश्वकर्मा पूजेला आई घरातही कुठलं यंत्र चालवू देत नाही. मला ते खूळ वाटायचं. गेल्या पूजेला मी मिक्सरमध्ये बोटं घालून चटणी काढत होतो. प्लग काढलेला, समोर ओट्यावर.

घर्र...

पातं बोटाला लागलं.

आई धावत आली. माझ्याकडे न बघताच बंगालीत म्हणाली, "सुचित्रा, हा माझा मुलगा आहे."

पातं थांबलं.

मिक्सर मी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकला. स्वयंपाकघरातला ओल्या लगद्याचा वास मात्र अजून जात नाही.