मागच्या सीटवरचा तिसरा दिवा

बसा इथंच. पायऱ्यांवर नको, बाहेरचं दार उघडलं की तिथं वारा येतो. लिफ्ट काही एवढ्यात सुरू व्हायची नाही. भूकंपाचा धक्का लहान असला तरी ती आपली आपण बंद पडते, आणि मग माणूस येऊन तपासून गेल्याशिवाय हलत नाही. आज आख्ख्या उरायासु शहरात तो एकटा हिंडत असणार बिचारा. नचिकेत, तू तरुण आहेस, चढशील चौदा मजले. पण ही झोपलेली लेक खांद्यावर घेऊन? बसा. प्रणिता, तो कोट घाल तन्वीच्या अंगावर.

नाही गं, आजचा धक्का म्हणजे काहीच नव्हे. दोन हजार अकरा सालच्या मोठ्या भूकंपात मी इथंच होतो. समोरच्या रस्त्यावर जमिनीतून चिखल उसळून वर आला होता, विजेचे खांब दारू प्यायल्यासारखे कलले होते. पण आपल्या इथं चिखलावर निभावलं. वर उत्तरेला मात्र... जाऊ दे.

काय म्हणालास? भूत? हस, हस. मी स्वतः काही पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असं खोटं सांगणारही नाही. पण सत्यजित माझ्याच ऑफिसातला, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याच्या बाबतीत घडलं ते सांगतो. तन्वी झोपलीये ना नक्की? मग ठीक.

सत्यजित मुंबईचा, बँकेत कर्जाची जोखीम तपासायचं काम. संशय घेणं हाच धंदा. त्याची बायको चारुता पुण्याची, आणि तिला जनावरांचं वेड. लग्नाआधी बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायला जायची, रात्रभर, हूं की चूं न करता. दोघांनी दक्षिण आफ्रिकेचा बेत आखला होता. गाडी भाड्यानं घ्यायची, क्रूगरला सिंह-हत्ती बघायचे, तिथून बोत्स्वाना करत थेट नामिबियापर्यंत जायचं. तिकिटं काढली, आणि कोरोना आला. सगळं बोंबललं. दोन वर्षं इथं जवळच, ग्योतोकुच्या दोन खोल्यांत बसून चारुता त्या नकाशाकडे बघत राहिली. शेवटी एक दिवस म्हणाली, "आफ्रिका होईल तेव्हा होईल. इथं जे आहे ते तरी बघू या."

म्हणून निघाले. भाड्याची गाडी, नवी कोरी. सोबत आफ्रिकेसाठी घेतलेली थर्मल दुर्बीण. ही दुर्बीण उजेड बघत नाही, ऊब बघते. काळोखात कुठं जनावर असलं की तिच्यात ते पांढरं दिसतं. जितकं गरम तितकं पांढरं. गार वस्तू काळी. एवढं लक्षात ठेवा.

आधी वर उत्तरेला मियागीच्या तळ्यांवर रानहंस बघितले. पहाटे हजारोंनी एकदम उठतात, आभाळ वाजतं म्हणे. मग समुद्राच्या काठानं वर गेले. चारुताला कामोशिका बघायचा होता, म्हणजे इथली डोंगरातली रानशेळी म्हणा. एका लहान गावाच्या वर, टेकडीवर, घरगुती मुक्कामाची सोय होती. मालकीण सत्तरीची बाई. गावाचं नाव मला सत्यजितनं सांगितलंय, पण मी सांगत नाही.

दोन हजार बावीस साल, नोव्हेंबरची एकोणीस तारीख, शनिवार. अमावास्या तीन-चार दिवसांवर. जेवण झालं. थंडी मरणाची. चारुता म्हणाली, "काइरो संपलेत रे, पहाटे बसणार कसे आपण?" काइरो म्हणजे त्या खिशात ठेवायच्या गरम पुड्या. कोंबिनी, म्हणजे ते रात्रभर उघडं असणारं दुकान, दहा-बारा मिनिटांवर, नव्या हमरस्त्यावर. दोघं गाडी काढून गेले. काइरो घेतले, कॉफी घेतली. काम झालं.

परतताना चारुता म्हणाली, "खालच्या रस्त्यानं जाऊ या का? तिकडे सगळं गवत आहे. हरणं उतरत असतील."

खालचा रस्ता म्हणजे जुन्या गावातला. गाव आता नाही, अकरा सालच्या त्सुनामीत गेलं. घरांचे नुसते चौथरे उरलेत, मधून गवत, आणि पलीकडे समुद्राची नवी भिंत. एक दिवा नाही. सत्यजितनं मधोमध गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, दिवे मालवले. काच खाली केली. चारुतानं दुर्बीण डोळ्याला लावली.

"चार हरणं!" ती कुजबुजली. "अरे, काय सुंदर चमकतायत."

मग म्हणाली, "थांब. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या."

खुरांचा आवाज आला. हरणं टेकडीकडे उधळली. त्यानंतर काही नाही. समुद्रही ऐकू येईना, असं सत्यजित म्हणाला. भिंतीपलीकडे हाकेच्या अंतरावर समुद्र, आणि आवाज नाही.

"माणसं येतायत," चारुता म्हणाली.

"ह्या वेळी? कुठून?"

"भिंतीकडून. रस्त्यानं. बरीच आहेत."

सत्यजितनं डोळे ताणले. त्याला काही दिसलं नाही. त्यानं गाडीचे दिवे लावले. लांबपर्यंत स्वच्छ रस्ता. रिकामा.

"कुणी नाहीये गं."

"आहेत. पण..." चारुता थांबली. "पांढरी नाहीयेत."

"म्हणजे?"

"काळी आहेत, सत्यजित. जमिनीपेक्षा काळी."

त्यानं दुर्बीण तिच्या हातातून घेतली. त्याचं इथवर सांगून झाल्यावर मी पाणी दिलं, ते प्यायला नाही.

रस्ताभर माणसं होती. पळत नव्हती. चालत होती. समुद्राकडून टेकडीकडे, सगळी एकाच बाजूला. एकाच्या पाठीवर म्हातारं माणूस. एका बाईनं हात लांब केलेला, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा, आणि त्या हाताच्या टोकाला कुणी नाही. दुर्बीण खाली केली, की दिव्यांच्या उजेडात मोकळा रस्ता. वर केली, की माणसं. जवळ आलेली. आणखी जवळ.

मग दुर्बिणीत नुसताच काळोख झाला. तो बघत होता खिडकीतून, आणि खिडकीशीच कुणीतरी उभं होतं.

"काच वर घे," चारुता म्हणाली. "काच... सत्यजित, काच..."

त्यानं काच वर घेतली. इंजिन सुरू केलं. आणि टिंग टिंग वाजायला लागलं.

ह्या नव्या गाड्यांत मागच्या सीटवर कुणी बसलं, की समोर त्या जागेचा दिवा लाल होतो. पट्टा लावेपर्यंत तो वाजत राहतो. पहिल्याच दिवशी बॅग ठेवली तर तिच्यासाठीही वाजला होता, म्हणून ह्यांनी सगळं सामान डिकीत टाकलं होतं. मागची सीट रिकामी होती. रुमालसुद्धा नव्हता तिथं.

डावा दिवा लाल. उजवा लाल. मधला लाल.

"बिघडलं असेल," सत्यजित म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. गाडीत गारवा भरत होता. हीटर चालू होता, तरी भरत होता. ओल्या दोरखंडाचा, शेवाळाचा वास.

मागे वळून बघायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणा, की धीर झाला नाही म्हणा.

मग... खट्.

पट्टा अडकल्याचा आवाज. डावा दिवा हिरवा झाला.

खट्.

उजवा हिरवा.

आणि मधला लालच. टिंग. टिंग. टिंग. सत्यजित म्हणाला, "काका, मला ब्रेकवरचा पाय उचलता येईना." मागे काहीतरी सळसळत होतं. पट्टा ओढला जायचा, सर्रकन परत जायचा. पुन्हा ओढला जायचा. पुन्हा परत.

टिंग. टिंग.

चारुता रडत होती. आवाज न करता. रडता रडता म्हणाली, "लहान आहे रे ते... त्याला लावता येत नाहीये."

"चारू, नको. हात लावू नकोस."

तिनं ऐकलं नाही. मान समोरच ठेवली, डोळे घट्ट मिटले आणि हात तेवढा मागे नेला. चाचपत. पट्टा सापडला. ओढला. तो सरळ आला नाही, प्रणिता... वळसा घेऊन आला. पोटावरून येतो तसा. कशाला तरी टेकून. तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला काहीतरी लागलं. गार. ओलं. लोकरीसारखं.

खट्.

टिंग टिंग थांबलं.

सत्यजितनं गाडी सोडली. ती उचलेचना, म्हणाला. एवढासा चढ, पण सगळं सामान भरल्यासारखी कण्हत चढली. दोघं एक शब्द बोलले नाहीत. मागूनही... नाही. मागून श्वाससुद्धा नाही.

टेकडीच्या माथ्यावर शाळेचं पटांगण आहे. अकरा साली जी माणसं तिथवर चढली, ती वाचली. तिथं आल्यावर समोर नवीन दिवा लागला. मागचं दार उघडं असल्याचा. सत्यजित थांबला. आरशात बघितलं. दारं बंद होती.

डावा दिवा गेला.

उजवा गेला.

मधला राहिला. हिरवा.

दोघं वाट बघत बसले. किती वेळ, त्यालाही सांगता येत नाही. मग चारुतानं पुन्हा हात मागे नेला. ह्या वेळी पट्ट्याखाली काही लागलं नाही. सीट नुसती. कोरडी. तिनं बटण दाबलं, पट्टा सुटला, दिवा गेला.

"गेले," ती म्हणाली. "सगळे गेले."

मुक्कामी पोचले तेव्हा मालकीण दारात उभी होती. गाडीचा आवाज ऐकून आली असेल. तिनं ह्यांचे चेहरे बघितले, गाडी कोणत्या वळणावरून वर आली ते बघितलं. काही विचारलं नाही. आत जाऊन मूठभर मीठ घेऊन आली, दोघांच्या खांद्यांवर टाकलं, चाकांवर टाकलं. स्मशानातून आल्यावर इथं टाकतात तसं. मग कमरेत खोल वाकली आणि म्हणाली, "गोकुरोसामा देशिता." तुम्हाला श्रम पडले, आभारी आहे. ऑफिसात वरची माणसं रोज म्हणतात आपल्याला. सत्यजित म्हणाला, "काका, त्या दिवसापासून ऑफिसात कुणी ते म्हटलं, की माझ्या अंगावर काटा येतो."

तिला ठाऊक होतं का? अरे, मी कसं सांगू? त्यांनी विचारलं नाही. तू विचारलं असतंस?

रात्रभर दोघं शेगडीपाशी बसून राहिले. चारुतानं तो हात गरम पाण्यात धरला, काइरो बांधले, तरी मनगट काही तापेना. पण मन हलकं होत होतं, असं ती म्हणाली. आपण कुणाला तरी वरपर्यंत आणून सोडलं. निदान तिघांना. भीती होतीच, पण तिच्या तळाशी कुठंतरी बरंही वाटत होतं. पहाटे तर दोघांना डुलकी लागली.

उजाडल्यावर ठरवलं, कामोशिका नको, काही नको, सरळ घरी जायचं. बॅगा घेऊन बाहेर आले. गाडी रात्रभर अंगणात होती. कुलूप घातलेली, किल्ली सत्यजितच्या खिशात. ऊन पडलं होतं. सगळ्या काचा लखलखीत कोरड्या. दव नाही, हिम नाही.

फक्त मागची, डाव्या बाजूची काच धुरकट होती. आतून. कुणीतरी रात्रभर जवळ तोंड नेऊन श्वास सोडल्यासारखी. आणि त्या वाफेत बोटानं काढलेलं होतं... खाली, अगदी खालच्या कडेशी... एक गोल. आत वळत गेलेला गोल, आणि त्याच्याभोवती पाकळ्या. फुलासारखं.

सत्यजितला त्याचा अर्थ कळला नाही. मालकीण पायऱ्यांवर उभी होती, तिनं ते बघितलं आणि तोंडावर हात...

काय? तन्वी? तू जागी आहेस? कधीपासून?

हो. बरोबर बोललीस. हानामारुच. शाळेत बाई वहीवर काढतात ते. फार छान केलंस, म्हणून.

नाही, प्रणिता, आता थांबवून काय उपयोग, तिनं ऐकलंय सगळं. आणि राहिलंय थोडंच.

चारुताला गहिवरून आलं. तिला वाटलं, जाताना काढून ठेवलंय. आपल्यासाठी. तिनं बाहेरून काचेवर बोट ठेवलं, त्या फुलावर.

तेव्हा तिला दिसलं. रेघ ओली होती. पाकळ्या पाचच होत्या, आणि पाचवीतून पाण्याचा थेंब नुकता कुठं खाली ओघळायला लागला होता. ती बघत होती. सत्यजित बघत होता.

आणि काचेच्या आतून, सावकाश... सहावी पाकळी उमटायला लागली.