रायरीकरांची शोकसभा

हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाहीये. मी तिथे होते. ज्यांच्या बाबतीत हे घडलं, त्यात माझी आई आहे. तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. मला स्वतःलाच ठेवायचा नाहीये.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. दुपारचे चार. नाशिकला सिडकोत आमच्या सोसायटीचा हॉल.

सिनेनट जयंत रायरीकर जाऊन नऊ दिवस झाले होते. आजच्या मुलांना हे नाव माहीत नसेल. माझ्या आईच्या वयाच्या बायकांना विचारा. हसले की डाव्या गालावर खळी पडायची. आणि मागणं असं मागायचे, की पडद्यावरच्या नायिकेआधी थिएटरातल्या बायका 'हो' म्हणायच्या.

माझी आई प्रतिभा, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. ही सभा तिनेच ठरवली होती. पंचवीस-तीस माणसं आली. टेबलावर फोटो, हार, समई. मी मोबाईल स्टँडला लावून व्हिडिओ काढत होते.

सुरुवात छान झाली. एक रिक्षावाले काका म्हणाले, "शूटिंगला आले तेव्हा माझ्या रिक्षातून गंगेवर, गोदाघाटावर गेले. उतरताना माझ्या मुलीचं नाव विचारलं. दोन वर्षांनी परत भेटले तर म्हणाले, आमची साक्षी कशी आहे?"

सगळे हसत होते, डोळे पुसत होते.

मग ललित उठला. अंबडला कंपनीत कामाला आहे. रायरीकरांची नक्कल करावी तर त्यानेच.

"शेवटी शेवटी त्यांचा आवाज गेला होता," तो म्हणाला. "घशाचं ऑपरेशन झालं होतं. आज त्यांचा आवाज त्यांना परत देऊ या."

त्याने एक संवाद सुरू केला. हुबेहूब तोच आवाज.

दुसऱ्या वाक्याला मात्र...

ओठ हलत राहिले. आवाज येईना.

ललितने गळ्याला हात लावला. कुणीतरी पाणी दिलं. "भरून आलं त्याला," आई म्हणाली. तो खाली बसला, पण चेहरा पांढरा पडला होता.

त्याच्यानंतर चतुराबाई बोलायला उभ्या राहिल्या. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा. फोटोचा हारही त्यांच्याच झेंडूचा.

"माझ्या मळ्यात त्यांच्या गाण्याचं शूटिंग झालं," त्या म्हणाल्या. "दुपारी समद्यांना डबे आले. त्यांनी माझी भाकरी मागून घेतली, वांग्याच्या भाजीसंगं. म्हणले, बाई, अशी चव कुठं मिळायची मला?"

त्या थांबल्या. फोटोकडे पाहत राहिल्या. जरा जास्तच वेळ.

मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "या की मग. उद्याच या."

आम्हाला वाटलं, फोटोशी बोलतायत.

संध्याकाळी सातच्या सुमारास आई शेजारी सतरंज्या परत द्यायला गेली होती. मी व्हिडिओ पाहायला घेतला.

ललितचा भाग आला.

व्हिडिओत त्याचा आवाज थांबलाच नाही.

हॉलमध्ये जिथे शांतता पसरली होती, तिथे संवाद पुढे चालू होता... शेवटच्या शब्दापर्यंत. ती नक्कल नव्हती. शेवटी हसणं ऐकू आलं. अगदी माईकजवळ.

मी पुढे पाहिलं.

चतुराबाई बोलून थांबल्या. आणि त्या शांततेत...

"उद्या आलो तर चालेल, चतुराबाई?"

"या की मग. उद्याच या."

मी फोन बंद केला. मग पुन्हा चालू करून चतुराबाईंना लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

सकाळी अर्धी रजा टाकून स्कूटीवर मखमलाबाद गाठलं. त्यांची सून रूपाली दारातच उभी होती.

"ताई, मी मुलीला शाळेत सोडून आले तोवर सासूबाईंनी दोन ताटं वाढलेली," ती म्हणाली. "एक रिकामं. एकाला हात नाही लावलेला. घरात दुसरं कुणीच नव्हतं."

चतुराबाई खाटेवर बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतली साडी.

"आलते," त्या म्हणाल्या.

"कोण, मावशी?"

"तेच गं. जेवायला बसले. पण घास नुसता तोंडात घोळवीत राहिले. म्हणले, चतुराबाई, चवच लागत नाय हो."

"मग?"

"मग म्हणले... तुमची देता का?"

मी खाटेशेजारी बसले.

"लय गोड मागितलं गं," त्या म्हणाल्या. "नाय म्हणवंना."

रूपालीने त्यांच्या हातावर मिरचीचा ठेचा ठेवला. त्यांनी सगळा तोंडात टाकला. कापूस चघळावा तसा चघळला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. काही सापडलं नाही. हळूहळू त्यांचं खाणंच सुटलं. फेब्रुवारीत चतुराबाई गेल्या.

ललित अजून कागदावर लिहून बोलतो.

चतुराबाईंच्या दहाव्याहून परत आल्यावर मी उरलेला व्हिडिओ पाहिला. तोवर हिंमत झाली नव्हती. शेवटी आईचं भाषण होतं.

"तुमचे सगळे सिनेमे मी पुन्हा बघणार आहे," आई फोटोला म्हणत होती. "एकेक करून."

मग...

"मलाही बघायचेत, प्रतिभाताई. शेवटी शेवटी काही दिसत नव्हतं हो मला."

आणि आई हसून म्हणाली, "बघू की. एकदा निवांत या."

व्हिडिओ मी पुसून टाकला. आईला विचारलं, त्या दिवशी तू कुणाशी बोललीस? तिला काहीच आठवत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे.

तरी मी रोज सकाळी तिला पेपर मोठ्याने वाचायला लावते. तिला वाटतं, मला ऐकायला आवडतं.

काल ती एका ओळीवर अडली.

"अगं, इथे छपाई पुसट आलीय," म्हणाली आणि पान उलटलं.

मी ते पान परत मागे घेऊन पाहिलं.

अक्षरं चांगली ठळक होती.