परतलेले रहिवासी

प्लेटवरची जिवाणूंची वसाहत टाचणीच्या डोक्याएवढी होती. रंग फिकट पिवळा. कड गोल, फक्त एका बाजूला बारीक खाच, कुणी नखानं दाबल्यासारखी. ओरथाईनं प्लेट उजेडात धरली. सगळ्याच वसाहतींना तशी खाच होती.

नमुना तिच्या आईच्या, बुआचनच्या, नाकातला होता. आईच्या नाकात वाढलेलं मांस पावसाळा सरताना काढलं, तेव्हा मूळचे जिवाणू बरेचसे गेले. त्यात नवल नव्हतं. जखम भरेपर्यंत परके वस्ती करतात, मग हळूहळू जुने रहिवासी परततात. इथे जुने परतलेच नव्हते. जे आले होते ते ओरथाईच्या ओळखीचे होते. निरोगी नाकाचा नमुना म्हणून लांपांग शहरातल्या या प्रयोगशाळेनं एके काळी तिच्या बाबांचे हेच खाचेचे जिवाणू गोठवून ठेवले होते. बाबा तर ओरथाईच्या मुलीच्या, खिमच्या, जन्माआधीच वारले.

"कुपीचं झाकण सैल राहिलं असेल," शेजारच्या टेबलावरचा सोमनुएक म्हणाला. "की बाबा स्वतःच फ्रीजमधून चालत निघाले?"

नमुना कुणाचा हे न पाहता त्यानं चाचणी पुन्हा केली. डीएनएचे पट्टे बाबांच्या गोठवलेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळले. त्यानंतर त्यानं थट्टा केली नाही.

घरी आई खुशीत होती. कित्येक वर्षांनी तिला वास येत होता. तिथल्या सगळ्याच आज्यांसारखी ती उठता-बसता नातीच्या गालाला नाक लावून खोल श्वास घ्यायची.

"खिमच्या गालाला मियांगचा वास येतो गं," एकदा ती म्हणाली. "मुरवलेली चहाची पानं मीठ लावून तुझे बाबा चघळायचे ना, तस्सा."

"पोरगी पाच वर्षांची आहे, आई. तिनं मियांग कधी चाखलंही नाही."

"तेच तर म्हणतेय!"

ओरथाईनं खिमच्या नाकात कापसाची काडी फिरवली. प्लेटवर खाचेच्या वसाहती उगवल्या.

डॉक्टरांनी दोघींसाठी नाकात लावायचं, ते जिवाणू मारणारं मलम दिलं. बुआचननं ट्यूब परत सरकवली. "आत्ता कुठं ते घरी आलेत. मी नाही लावायची."

निदान खिमला तरी लावायला हवं होतं. ओरथाई रोज म्हणे, उद्यापासून.

खिम हाकेला वळेनाशी झाली. चिकट भाताचा गोळा ती डाव्या हातानं वळू लागली, बाबा वळायचे तसा.

एके सकाळी डोंगरावरच्या वणव्याचा धूर दारापर्यंत आला होता. पायरीवर उकिडवं बसून खिमनं आत पाहिलं.

"ए भोपळे, मीठ कुठं ठेवलंयस?"

बुआचनच्या हातातली पळी थांबली. त्या नावानं तिला एकाच माणसानं हाक मारली होती, तीही चारचौघांत कधीच नाही.

"इथंच तर आहे," ती नव्या नवरीसारखी लाजत म्हणाली.

ओरथाईनं ट्यूब उघडली. "खिम, इकडे ये."

पोरगी हलली नाही.

"खिम!"

नाही.

ओरथाईच्या तोंडून नकळत निघालं, "बाबा?"

पोरगी उठली. जवळ आली. तिनं ओरथाईच्या गालाला नाक टेकवून श्वास घेतला. लांब, सावकाश. लहानपणी शाळेत निघताना बाबांकडून मिळायचा तेवढाच लांब.

आसपास धूर होता. पण वास मिठाचा होता, मुरलेल्या पानांचा.

ओरथाईनं झाकण लावलं.

"आई," ती म्हणाली, "मलम नको. राहू दे त्यांना."